आग उजव्या खांद्यावर

उरण, ५ जानेवारी १९८६

ति. दादास, भागीचा शि. सा. न.

आये बरी हाय, खोकला कमी हाय. बाबाचं मात्र काय सांगू! गॅस कंपनीच्या चिमनीवर ती आग जळते ना, तिच्यावरच आता होडी घरी आनतो. डोंगराच्या खुना बगतच नाय. आग उजव्या खांद्यावर धरली की सरळ खाडीच्या तोंडाशी, म्हनतो. तू तिकडं वाशीला प्लास्टिकच्या कारखान्यात, पन सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरतो, हिरामन गॅसमदी हाय, ती आग त्यानंच माज्यासाठी लावलीय. होडीवरचा जोडीदार किसनकाका हसून लोळतो. काय रे, एवढा गॅस फुकट जाळतात? हितं आमी ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळतोय.

आठवन ठेव, पत्र नसलं तरी.
तुजी भागी

वाशी, १४ जानेवारी

चि. भागीस, अ. उ. आ.

अगं, नाइलाजाने जाळतात. समुद्राखालून तेल काढलं की बरोबर गॅस येतोच. गिऱ्हाईक नाही, मग ठेवायचा कुठे? आमचा कारखाना इतकी वर्षं नाफ्त्यावर, म्हणजे पेट्रोलसारख्या तेलावर, चालला. नाफ्ता महागला, माल विकून हातात काही राहीना, बंद करायची भाषा सुरू झाली होती. आता उरणहून पाईप आलाय. तोच गॅस आमच्या भट्ट्यांत तापवून प्लास्टिकचा कच्चा माल करायचा. शेकडो घरांची चूल त्यावर टिकेल. पण आम्ही गॅस घेतला की तुमची आग समईएवढी होईल. बाबाला नीट समजाव. आतापासूनच जुन्या खुणांवर ये म्हणावं. चेष्टेवारी नेऊ देऊ नकोस.

आईला नमस्कार, तुला धपाटा.
हिरामण

उरण, २७ जानेवारी

ति. दादास, शि. सा. न.

सांगितलं. ऐकतोय कुठला! म्हनतो, माजी होडी लागल्याबिगर माजा पोर आग कमी करल व्हय? आयेनं शपथ घातली, तर जेवनावरून उठून गेला. मला लय भीती वाटते रे. तू तारीख तेवढी आधी कळव. त्या दिवशी मी वल्ही लपवीन, कायपन करीन, पन त्याला होडी काढू देनार नाय.

वाट बगते.
भागी

वाशी, ११ फेब्रुवारी

चि. भागीस, अ. उ. आ.

तारीख पुढच्या आठवड्यातली होती. काल संध्याकाळी साहेबांनी अचानक सांगितलं, दिल्लीचे मोठे लोक आलेत, आजच सुरू करा. तुला कळवायला सवडच मिळाली नाही. व्हॉल्व मी उघडला गं! उरणचा म्हणून मला मान दिला. हार घातला, पेढे वाटले. कारखाना वाचला, भागी. बाबाने बघितलं असेलच. रुसला असेल तर सांग, रविवारी येऊन पाया पडतो.

घाईत आहे, माया तीच.
हिरामण

उरण, २ मार्च

ति. दादास, शि. सा. न.

बाबाचं बारावं करून तू गेलास, त्यानंतर होडीवरनं वाचलेल्या किसनकाकाची धक्क्यानं गेलेली वाचा परत आली. गावातून तुज्या कानावर येन्याआधी मीच लिवते. आग बारीक झाली तवा काका म्हनला, गोटीराम, डोंगर धरून काढू. बाबा म्हनला, थांब जरा, हिरामन डूटीवर हाय, आता वाढवल. होडी तशीच धरून ऱ्हायला. वहोटी लागली नि होडी खडकावर गेली.

दादा, मला तुजा रागबी येतो नि तुजी कीवबी येते, काय करू सांग. एवढी घरं जगली, ते काय वाईट झालं नाय. तू जेवत जा.

तुजं पेढ्यांचं पत्र मी आयेला वाचून दाखवलं नाय. ती रोज इचारते, त्या राती हिरामन डूटीवर होता का? मी सांगितलंय, नव्हता. तू येशील तवा तूबी तसंच सांग.

माया पातळ करू नको.
भागी