जीपला भरलेली हुडहुडी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

नवी क्लच प्लेट आली! जुनी पार झिजली होती. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, जीप जागची हलायची नाही. नवी मी स्वतः बसवणार. व्हिडिओ बघून झालेत. सोलापूरच्या नव्या पेठेत चादरी विकणाऱ्यानं क्लच बसवू नये, असं कुठं लिहिलंय?

बायकोनं, मायाक्कानं, सकाळीच अट घातली. भाऊबीजेला तिला या जीपमधून कुर्डुवाडीला भावाकडे न्यायचं आणि आणायचं, काहीही नाटक न करता. जमलं तर जीप राहील. नाहीतर नातेपुत्याचा तन्वीर कधीपासून मागतोय, त्याला देऊन टाकायची आणि अंगणात तिच्या कडक भाकरीच्या धंद्याची शेड टाकायची. ती थट्टा करत नव्हती. मी तिथल्या तिथं कबूल झालो. वडिलांनी, आप्पांनी, मिलिटरीच्या लिलावातून आणलेली बासष्टची जीप आहे. ती गेली तर सकाळी उठून अंगणात बघायचं काय?

पान्यांबरोबर प्लेटचीही पूजा केली. कुंकू तेलात कालवून दोन्ही बाजूंना ठसठशीत स्वस्तिक. लायनिंगनं तेल लगेच पिऊन टाकलं, म्हणून आणखी एक हात दिला. देवाच्या कामात हात आखडणं आपल्याला जमत नाही.

५ ऑक्टोबर

क्लच बसला. एकट्यानं बसवला. म्हणजे गिअरबॉक्स उचलायला खाजाभाई होता, खाली घ्यायलाही तोच होता, पण डोकं माझं. खाजाभाई माझा शाळेपासूनचा दोस्त. विजापूर रोडला त्याचं गॅरेज आहे, त्यामुळे त्याला सल्ला द्यायची खोड आहे. मी ऐकला नाही.

संध्याकाळी ट्रायल. पहिला गिअर टाकला, क्लच हळू सोडला आणि जीपला हुडहुडी भरली. आरसा, नंबरप्लेट, माझा चष्मा, सगळं थडथड थडथड. शेजारच्या पारूबाई भूकंप झाला म्हणून नातवाला कडेवर घेऊन बाहेर पळत आल्या. जीप निघाल्यावर मात्र शांत.

निदान: प्लेट नवी आहे, बसायची आहे. नवी चप्पलही चावते की.

८ ऑक्टोबर

बसली नाही. पण मी बारकाईनं निरीक्षण केलं. जीप फक्त निघताना थरथरते. एकदा निघाली की लोणी. म्हणजे दोष जीपमध्ये नाही, थांबण्यात आहे. उपाय सोपा: थांबायचंच नाही.

दुपारी

दुकानाकडे नेली. नव्या पेठेत दिवाळीची गर्दी. तिथं न थांबता चालणं माणसालाही जमत नाही. एका सराफाच्या दारात अडकलो. पुढं रिक्षा, मागं हातगाडी. क्लच सोडला की थडथड, दाबला की बंद. सराफाच्या काचा वाजायला लागल्या. तो बाहेर येऊन म्हणाला की अण्णा, एकतर जा, नाहीतर आत येऊन काहीतरी घ्या. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. जुन्या गाडीची लोकांना अजून लई क्रेझ आहे.

१२ ऑक्टोबर

खाजाभाईचं निदान: इंजिन ज्या रबरांवर बसतं ती मेलीत. छातीवर हात ठेवून सांगितलं. रबरं बदलली. थरथर तेवढीच, उलट आता हॉर्नही आपोआप वाजतो. त्याच्या छातीवर यापुढे विश्वास नाही.

मग त्यानं विचारलं की प्लेटला कुठं तेलबिल तर लागलं नव्हतं ना. तेल लागलं की प्लेट धड पकडत नाही, घसरते, पकडते, घसरते, आणि गाडी अशीच नाचते म्हणे. मला राग आला. या गुरुबसप्पाच्या हातून तेल? थेंबसुद्धा नाही, असं ठणकावून सांगितलं. मी काय अडाणी आहे?

१७ ऑक्टोबर

पेडलचं लिंकेज ॲडजस्ट केलं. थरथर आहे. पेट्रोल बदललं. आहे. चप्पल काढून चालवली. आहे, पण आता पायालाही कळते.

नवीन थिअरी: मायाक्का शेजारी बसली की डावीकडे भार जास्त येतो. ही थिअरी फक्त इथं लिहितोय. तोंडातून काढायची नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झाल्यावर मायाक्कानं उद्याचं विचारलं. मी म्हणालो, जीप तयार आहे. आवाजात इतका आत्मविश्वास होता की माझाही विश्वास बसला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. रात्री.

सविस्तर लिहीत नाही.

थोडं लिहितो. मोहोळपर्यंत उत्तम. मायाक्का गाणं गुणगुणत होती. मला वाटलं, जिंकलो. कुर्डुवाडीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद. फाटक उघडलं, पण पुढं लांबलचक रांग, आणि प्रत्येक वेळी दोन हात सरकायचं. थडथड, थांब. थडथड, थांब. मायाक्काच्या मांडीवर भावासाठी केलेल्या बेसनलाडवांचा डबा होता. पोचून उघडला तर आत नुसतं बेसन. सुरुवातीला ती हसत होती. मग कन्नडमध्ये साकु, साकु म्हणायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको कन्नडवर गेली की पुरे झालं एवढं मला कळतं.

मेव्हणा नागनाथ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यानं विचारलं की दाजी, क्लच कुणी बसवला? मी पाणी मागितलं.

ती परत रेल्वेनं आली. मी जीपनं आलो. घरी येऊन बघतो तर तिनं तन्वीरला फोनही लावला होता. दोन तारखेला येतोय. शब्द दिलेला आहे, मोडता येत नाही.

जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

२६ ऑक्टोबर

खाजाभाईच्या गॅरेजमध्ये क्लच खोलला. प्लेटचं लायनिंग काळंकुळकुळीत, काचेसारखं चकाकणारं, आणि त्यात माझं स्वस्तिक अजूनही दिसतंय. खाजाभाईनं प्लेट उजेडात धरली. मग इतका हसला की त्याला स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं. म्हणाला की लिंबू-मिरची आम्हीबी बांधतो अण्णा, पण बंपरला. मी म्हणालो, मी तेल लावलंच नव्हतं, कुंकू लावलं होतं. तेल फक्त कालवायला होतं. तो परत हसायला लागला.

एक गोष्ट मात्र कुणी लक्षात घेत नाही. एवढी घासाघीस होऊनही स्वस्तिक पुसलं नाही.

२८ ऑक्टोबर

मायाक्काला कळलं. हसली. मग जवळ येऊन बसली आणि म्हणाली की अहो, तेलाची वाटी मीच आणून दिली होती की. आवाज एकदम मऊ. पुढं म्हणाली की दुसरी नवी प्लेट आत्ता टाकू नका. ही तेलकटच परत बसवा. तन्वीर येईल, चालवेल, हादरेल आणि आपणहून नको म्हणेल. शब्दही राहील, जीपही राहील. शेडचं बघू, गच्चीवर टाकू.

या बाईच्या पोटात एवढी माया, आणि तोंडावर अटी! खाजाभाईलाही प्लॅन पसंत. लगेच ठरलं. काहीच करायचं नाही. हे काम मला नक्की जमेल.

३० ऑक्टोबर

झोप नाही. तन्वीर नको म्हणेल ते ठीक. पण परत जाऊन सांगेल काय? सोलापूरच्या गुरुबसप्पाला क्लच बसवता येत नाही! अख्ख्या नातेपुत्याच्या बाजारात माझं नाक कापणार.

तेव्हा निर्णय: नवी प्लेट टाकायची, फक्त स्वतःच्या समाधानासाठी. तन्वीरसमोर मी मुद्दाम क्लच चुकीचा सोडीन आणि थरथर आणीन. तेवढं कौशल्य आता अंगात आलंय. मायाक्काला सांगितलेलं नाही.

१ नोव्हेंबर

फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, सगळं पेट्रोलनं पुसलं. हात साबणानं धुतले. प्लेट कडेनं धरली. पूजा लांबून, नुसता नमस्कार. बसवली.

रेल्वे पुलाच्या चढावर मधोमध थांबलो. क्लच सोडला. काही नाही. सुळ्ळकन निघाली! परत थांबलो, परत निघालो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. डोळ्यांत पाणी आलं. आप्पांच्या वेळीसुद्धा अशी निघत नव्हती.

उद्या खराब चालवायची. लक्षात ठेवणे.

२ नोव्हेंबर

तन्वीर सकाळीच आला. सभ्य माणूस. बॉनेटवरून हात फिरवला. मायाक्कानं पोहे दिले, मला डोळ्यांनी खूण केली. मी निश्चिंत राहा अशी खूण केली.

स्टेअरिंगवर मी, शेजारी तन्वीर. ठरल्याप्रमाणे क्लच एकदम सोडला. जीपनं खाडकन झटका खाल्ला. प्लॅन फत्ते! तन्वीरनं डॅशबोर्ड धरला. मग हळूच म्हणाला की अण्णा, गाडी चांगली होती हो, पण क्लच कुणा नवख्यानं बसवलेला दिसतोय.

नवख्यानं?

पुढचं नीट आठवत नाही. मी आतून चहाचा भरलेला कप मागवला आणि बॉनेटवर ठेवला, एवढं आठवतंय. जीप पुढं घेतली, थांबवली, मागं घेतली, परत पुढं. चहा सांडला नाही. मायाक्का दारातून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, शाबासकी देतेय. मी मग त्याला क्लच सोडायची माझी पद्धतही शिकवली. टाच जमिनीवर, पंजा हळूहळू वर. पठ्ठ्या दुसऱ्याच खेपेला शिकला.

उतरल्यावर तन्वीरनं मला मिठी मारली. म्हणाला की अशी गाडी मी आयुष्यात चालवली नाही, आणि मायाक्काकडं वळून म्हणाला की भाभी, तुम्ही शब्द पाळणारी माणसं आहात म्हणून एवढ्या लांबून आलो. आता शब्द फिरवणार कसा? तिनं बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि चावी त्याच्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

कोपऱ्यावर पारूबाईंची म्हैस आडवी आली. तन्वीर थांबला. म्हैस गेली. त्यानं टाच टेकवून हळूच क्लच सोडला असणार. जीप निघाली, जराही थरथरली नाही. मी जोरात टाळ्या वाजवल्या.

मायाक्का केव्हाच आत गेली होती. मग मीही गेलो.