सुलाबाईच्या हाळीचे सहा तुकडे

४ फेब्रुवारी १९९९

सुलाबाईचा आवाज जाणार. घशातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागणार — मिरजेच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. सव्वीस तारीख धरली आहे. मी शेजारीच होते. सुलाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "काढल्याव पुन्ना बशिवत्यात व्हय?" नाही गं, म्हटलं. मग म्हणाली, "मंग मेंढरास्नी हाळी कोण देणार?"

वीस वर्षं झाली. दर थंडीत ही आटपाडीकडून मेंढरं घेऊन यायची आणि आमच्या रानात बसवायची. लेंडीखत आम्हाला, जोंधळा तिला. आता उपचारासाठी आमच्या मागच्या खोलीतच राहते.

सांगलीला परत येताना एस.टी.त तिनं सिद्धूचं काढलं. तिचा एकुलता एक. सात वर्षांमागं त्यानं जत्रेत चारचौघांत सांगितलं, मी मेंढरं राखणार नाही. हिनं काठी उगारली आणि म्हणाली, "पुन्ना तोंड दावू नगंस." तो गेला तो गेलाच. पत्ता नाही, खबर नाही.

"बाई, त्याच्या कानात माजा त्योच बोल हाय. आन् आता दुसरा बोलाया गळाच न्हाई ऱ्हाणार."

५ फेब्रुवारी

कपडे वाळत घालताना, डाळ निवडताना एकच वाक्य डोक्यात. दुसरा बोलायला गळा नाही राहणार.

७ फेब्रुवारी

तिचा आवाज टेप करून ठेवायचा हे ठरलं. पण टेप पाठवायची कुठं? पत्ता असलेल्या माणसाला पार्सल जातं. हरवलेल्या माणसाला काय जातं?

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. माणूस कुठं आहे हे ठाऊक नसलं तर ओळखीच्या चार ठिकाणी निरोप ठेवायचा, 'आला तर ह्या नंबरवर बोलायला सांगा.' तसा निरोप ठेवण्याची जागा हवी. कायमची. आणि कुठूनही पोचता येईल अशी.

स्टँडजवळ मानसिंगनं इंटरनेटचं दुकान काढलंय. फौजेत सिग्नलला होता, माझ्यासारखाच तारांतला माणूस. उद्या जाते.

८ फेब्रुवारी

मानसिंग म्हणाला, "आक्का, आवाज ठेवता येतो. कुनीबी, कुठनंबी उतरवून घ्यावा. पर त्यो ठेवायचा सर्व्हरवर."

सर्व्हर म्हणजे काय?

"दुसऱ्याचं मशीन. लांब असतंय. चोवीस तास ड्यूटीवर."

कुठं असतं?

"मला तरी कुठं दिसलंय? फौजेत ऑर्डर कुठनं यायची ते तरी कुठं दिसत हुतं."

रात्रपाळीत एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत अशीच घरघर असायची. गावातली वीज गेली तरी ती खोली जागी. तेच हे. फक्त खोली सातासमुद्रापार.

११ फेब्रुवारी

स्वप्न पडलं. बर्फातलं एक लांबट घर. आत माणूस नाही, नुसते हिरवे दिवे. मी स्विचबोर्डासमोर बसलेय आणि प्रत्येक भोकातून एकेक मेंढरू तोंड काढतंय. मी वायर खुपसली की ते बें करतं आणि कुठं तरी लांब दुसरं उत्तर देतं. जाग आली तरी दिवे दिसतच होते. छान वाटत होतं.

१३ फेब्रुवारी

डिक्शनरी घेऊन मानसिंगच्या दुकानात दोन दिवस बसले. माझं शिक्षण सातवी, पण इंग्रजी मी टेलिफोन खात्याच्या माहितीपुस्तकांवरच शिकले. ते कुठं अडवत नाही. तीन जागा बघितल्या.

पहिली, मानसिंगचंच मशीन. जवळचं, आपलं. पण वीज जाते आणि नवाला शटर पडतं. निरोप्यानं झोपून कसं चालेल?

दुसरी, मुंबईची कंपनी. वर्षाचं भाडं. ते ऐकून हे म्हणाले, "त्यात आणखी चार मेंढरं येतील."

तिसरी अमेरिकेतली. फुकट. जागा पुरेशी, मशीन कायम जागं. डोक्यावर त्यांच्या जाहिराती लागतात, लागू देत. जत्रेतल्या पाळण्यावर पण असतात. खाली बारीक अक्षरात अटी आहेत. एक अशी, की जागा साठ दिवस वापराविना पडून राहिली तर काढून घेऊ. रास्त आहे. ओसरी दिली तर झाडलोट पाहिजेच.

सुलाबाईला समजावून सांगताना माझ्या तोंडून विरजण निघालं. आपलं दही शेजारणीनं विरजणाला नेलं, तर आपलं संपत नाही. उलट, आपलं नासलं तर तिच्याकडून परत आणता येतं. तसंच हे. जो उतरवून घेईल त्याच्याकडे आवाज लागेल, आपला तसाच राहील.

"मंग ही अमेरिका म्हंजे शेजारीन," ती म्हणाली. "फुकट ताक देनारी शेजारीन म्या तरी बघितली न्हाई."

तरी तिसरीच घेतली.

१६ फेब्रुवारी

आज आवाज घेतला. आधी ती टेपरेकॉर्डरकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत बसली. माफी माग म्हटलं तर म्हणाली, "लेकाची माफी? म्या का त्याची सून हाय?" मग मेंढरांचं बोलायला लागली. कुठली पहिल्यांदा व्याली, कुठली लांडग्यानं नेली, कुणाची लोकर मऊ. वीस मिनिटं. घसा मध्येच खरखरायचा, पाणी प्यायची, परत.

शेवटी उठून अंगणात गेली. त्यांच्यात एक चाल आहे. दिवस कलला की तळावरून बाई हाळी देते, आणि रानात गेलेला उलट हाळी देतो. ती ऐकू आली की मगच परातीत पीठ घ्यायचं. उलट हाळी आली नाही तर भाकरी थापायची नाही, आधी शोधायला जायचं.

सुलाबाईनं गालाला हात लावून हाळी दिली. एकेक मेंढरू नावानं, आणि सगळ्यात शेवटी — सिद्धूऽऽ. पेरूच्या झाडावरचे पोपट उडाले. हे पेपर खाली ठेवून बाहेर आले.

हाळी संपली. आम्ही तिघं उगीचच थांबलो. रस्त्यावरून एक लूना गेली.

२० फेब्रुवारी

मानसिंगनं टेपची वायर कॉम्प्युटरला लावून आवाज आत घेतला, आवळून लहान केला आणि सहा तुकडे केले. अख्खा पाठवला तर लाइन मध्येच तुटते आणि परत पहिल्यापासून. तुकड्याचं बरं, तुटला तर तेवढाच पुन्हा. सहावा तुकडा म्हणजे हाळी.

तीन तास लागले. सहावा चढत असताना मी देव्हाऱ्यातल्या निरांजनाकडे बघावं तशी पडद्यावरच्या भरत जाणाऱ्या पट्टीकडे बघत होते. भरली.

त्या जागेत मालक म्हणून आत जायच्या किल्लीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मी ठरवला. सुलाबाईच्या लाडक्या मेंढीचं नाव. इथं पण लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी

सुलाबाईच्या वस्तीवरची जी पोरं बाहेर आहेत त्यांचे पत्ते जमवले. फौजेत दोन, मस्कतला दोन, बाकी पुणे, बंगळूर, सुरत. अकरा कार्डं लिहिली. त्या जागेचा लांबलचक पत्ता एकेक अक्षर सुटं करून. खाली लिहिलं, 'सिद्धू भेटल्यास सांगावे. आईची हाळी आहे.'

२६ फेब्रुवारी

सकाळी ऑपरेशनला आत नेताना तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, बोल की. तर म्हणाली, "ठिवलंय न्हवं? मंग हितं कशाला सांडू."

तेच शेवटचं.

१४ मार्च

जखम भरतेय. पेज पितेय. पाटी आणून दिली, पण तिला अक्षरं येत नाहीत. ती पाटीवर मेंढरं काढते. कान मोठे काढले की समजायचं, राग आलाय.

मानसिंग म्हणाला, त्या जागेवर खाली आकडा असतो, कितीजण येऊन गेले त्याचा. "आक्का, रोज येक वाढतोय. काल सतरा, आज अठरा. एकच हाय कुनीतरी, रोजचा." कोण ते कळायला मार्ग नाही. किल्ली घालून आत जाऊन बघा म्हणाला. मी नाही गेले.

एक्स्चेंजचा आमचा नियम. लाइन जोडून दिली की कानावरचा हेडफोन काढायचा. पलीकडचं बोलणं आपलं नसतं. तीस वर्षं पाळलाय. तो 'रोजचा' कुणीही असो, तिथं मी मध्ये लुडबुडायचं नाही.

२ एप्रिल

मूळ कॅसेट गेली. सुलाबाई दिवसातून चारदा लावायची, स्वतःचाच आवाज पायाशी घेऊन बसायची. आज टेपरेकॉर्डरनं चावली. पट्टीचा नुसता गुंता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काळजी नको. तिकडं आहे की.

२४ एप्रिल

तिकडं नाही.

मानसिंगनं घरी माणूस पाठवून बोलावलं. पत्ता टाकला की पांढरं पान येतं, अशी जागा नाही म्हणून. आकडा सत्तावन्नवर होता. वापर म्हणजे मालकानं किल्ली घालून आत येणं. पाहुण्यांचं येणं ते धरतच नाहीत. साठ दिवसांत मी एकदाही आत गेले नाही.

नियम पाळला आणि लाइन तोडली.

मानसिंगच्या मशीनवर? त्यानं तिकडं चढलं म्हणून मार्चमध्येच पुसलं. जागा लागत होती. "आक्का, चूक माजीबी हाय," म्हणाला आणि चहा सांगायला उठला. चहाचे कप तसेच निवले.

२५ एप्रिल

सुलाबाईला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तिनं पाटी घेतली, काही काढलं नाही. कोरी पाटी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत अंगणात. मी शेजारी. आज आकाशात एकही ढग नव्हता आणि तरी मला सारखं वाटत होतं, वर कुठं तरी घरघर चालू आहे.

२७ एप्रिल

सकाळी दही नासलेलं निघालं. वाटी घेऊन शेजारच्या मायाकडे गेले. ती म्हणाली, "काकू, हे तुमचंच हो. गेल्या महिन्यात तुमच्याकडूनच नेलं होतं."

वाटी हातात घेऊन तिच्या दारातच उभी राहिले. मग तशीच घरी येऊन कार्डं काढली. परत अकरा. 'ज्यांनी कुणी आईचा आवाज उतरवून घेतला असेल, त्यांनी हातात असेल तो तुकडा परत धाडावा. एक असला तरी चालेल. पहिला निरोप ज्याला ज्याला सांगितला, त्यालाही हे कळवावे.' खाली मानसिंगच्या दुकानाचा ई-मेलचा पत्ता.

पण 'रोजचा' जो आहे त्याला कार्ड कुठं टाकू?

९ मे

दोन तुकडे आले, पहिला आणि चौथा. पुण्याहून गुंडानं धाडलेत. वस्तीवरचाच, छापखान्यात आहे. लिहिलंय, 'लाइन महाग, दोनच घेतले होते. चौथ्यात माझ्या आज्याच्या मेंढराचं नाव आहे म्हणून.'

मानसिंगच्या ओळखीनं पुण्याच्या एका कॉलेजच्या मशीनवर कोपरा मिळाला. दर गुरुवारी मी स्वतः किल्ली घालून आत जायचं कबूल केलंय. भिंतीवर कॅलेंडरात खुणा केल्या. हे म्हणाले, "उपास लागला म्हण की."

लागला.

१७ मे

दुसरा आणि तिसरा, जम्मूहून. एका जवानानं अधिकाऱ्याच्या हातापाया पडून घेतले होते म्हणे. पाचवा मस्कतहून. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. एकाची भाकरी, एकाचं कोरड्यास, एकाचा कांदा. ताट भरत चाललंय.

सहावा कुणाकडेच नाही. गुंडाला परत विचारलं. तो म्हणाला, "हाळी उतरवून घेयाला धीर झाला न्हाई काकू. ती त्याची हाय."

२० मे

गुरुवार. आत जाऊन आले. पाच तुकडे ओळीत, सहाव्याची जागा मोकळी ठेवलीय. सुलाबाई बरोबर होती. मोकळ्या जागेवर बोट ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. नाही गं अजून.

२३ मे

पुन्हा ते बर्फातलं घर. आज दिवे विझलेले, पण दार उघडं. आत कुणी तरी मेंढरं मोजतंय, हळूच, झोपेतल्यासारखं. पुढचा आकडा कधी येतोय म्हणून मी बाहेर थांबलेय.

२८ मे

मानसिंग स्वतः सायकल मारत घरी आला. अनोळखी पत्त्यावरून आलंय. सहावा तुकडा. सोबत अक्षर नाही, नाव नाही. सुलाबाईला घेऊन दुकानात गेलो, ऐकला. पोपट उडाल्याचासुद्धा आवाज आहे त्यात.

मग मानसिंग म्हणाला, "आक्का, आपन सहाच धाडले हुते न्हवं? ह्यात सातवाबी हाय." एकोणीस सेकंदांचा. आधी वारा, गाड्यांची ये-जा. मग लांबून, पुरुषाच्या गळ्यातून, उलट हाळी.

सुलाबाई उठली. रस्ताभर माझ्यापुढं चालत घरी आली. परातीत पीठ घेतलं.