उशिरा दिलेलं आवतन

बाबा, यंदा पोळ्याला उंद्रीकडच्या एका गोठ्यावर जेवून आले. म्हातारे, लंगडे, कुणालाच नको झालेले बैल तिथं मरेपर्यंत सांभाळतात. चालवते एक पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. दूध, दही, तूप तिथं काहीच चालत नाही. वीगन म्हणतात त्याला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बिनतुपाची पुरणपोळी? त्याच्यापेक्षा भाकर काय वाईट हाय?" मीही नाक मुरडतच गेले होते, खोटं कशाला बोलू.

सगळे बैल गेरूनं रंगवलेले, गळ्यात झेंडूच्या माळा. एकेकानं नैवेद्याची पोळी खाल्ली. एक मात्र तोंडच लावेना. त्याला अमडापूरच्या बाजाराजवळ कुणीतरी सोडून दिलं होतं, त्याच दिवशी सकाळी इथं आणला. बरगड्या वर आलेल्या. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, आज खाल्लं नाही तर कठीण आहे. इकडं पाहुणे पंगतीत बसलेले, पण ती पोरगी वाढू देईना. "लेकरायले केळं द्या, मोठ्यायनं थांबा," म्हणाली. "पाव्हणा उपाशी अन् आपण जेवाव काय?" कुणी घड्याळ पाहतंय, कुणी कुरकुरतंय, ती आपली पोळी धरून त्याच्यासमोर उभी. काय धमक पोरीची! तुमच्यानंतर असं हट्टानं उभं राहिलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

मी विचारलं, "याची खांदशेकणी केली होती काय काल?" तिनं कपाळावर हात मारला. "अवं माय! काल तो इथं होताच कुठं?" म्हणजे बाकीच्यांना आदल्या संध्याकाळी खांदे शेकून जेवणाचं रीतसर आवतन, आणि याला कुणी बोलावलंच नव्हतं.

आपल्या गोठ्यातली ती संध्याकाळ आठवते ना तुम्हाला? मी परकरातली पोर. आळीतले लोक म्हणतायत, खांदशेकणी गड्यांचं काम. तुम्ही पळसाचं पान माझ्याच हातात देता, "पोरीचा हात लागला तं बैल बाटते काय?" मी खांद्याला तूप-हळद लावते आणि घाईघाईत ओरडते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुम्ही डोळे वटारता. "असं बोलावतेत काय पाव्हण्याले? वाकून, कानात सांग."

तिथं तूप नव्हतं. जवसाचं तेल कोमट केलं, हळद कालवली. जू वाहून वाहून त्याच्या खांद्याची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. हळूहळू शेकत राहिले. मग वाकले आणि कानात म्हटलं, "आत्ताच आवतन घ्या, आत्ताच जेवाले या."

मग त्यानं माझा तेलाचा हात चाटला, मग पोळीचा तुकडा, मग अख्खी पोळी. पोरगी हमसून हमसून रडली. डॉक्टर म्हणाला, शेकल्यानं बरं वाटलं असेल. असेलही. मग पंगत उठेपर्यंत मी पोळ्यांवर पोळ्या हाणल्या. तूप आठवलंसुद्धा नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? ट्रंकेत राहील. एक मात्र त्या पोरीला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. त्याच्या कानाशी वाकले तेव्हा 'जेवाले या' माझ्या तोंडून निघालं, पण बोलावत होते मी तुम्हालाच.