केझायाच्या मुक्कामाची तरतूद

मी जाबेझ थर्लो, धंदा लाकडी पिंपे बांधण्याचा, राहणार हार्कवेल, प्रांत मॅसॅच्युसेट्स बे, आज हे लिहून ठेवत आहे. छातीत पाणी झाले आहे, पाय सुजले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही. बोटे वाकडी झाल्यामुळे लेखणी गावचे चिटणीस सिल्व्हेनस ऑर्न यांच्या हाती आहे. मी बोलेन तसे ते लिहितील आणि सुधारणा करणार नाहीत, असे आमचे ठरले आहे. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण ज्याच्यासाठी करायचे तो माझ्याआधी गेला.

आत्मा देवाचा, तो त्याच्याकडे जाईल. देह माझा मुलगा इनॉस याच्या डाव्या बाजूला ठेवावा. मी सहा हिवाळे या गावची थडगी खणलेली आहेत, तेव्हा सांगतो की जमीन गोठायच्या आत खड्डा खणून त्यावर फळ्या टाकून ठेवा. जिवंतपणी मला तो दिसेल म्हणून लाजू नका. नंतर आग पेटवून माती मऊ करत बसाल आणि मलाच शिव्या द्याल.

कलम पहिले, घर. हे घर माझे नाही. मी या गावात आलो तेव्हा मासे आणि मांस खारवायला इथे पिंपे मिळत नव्हती. गावसभेने ठराव केला की जो पिंपे बांधील त्याने या घरात राहावे आणि त्याच्यामागे घर पुढच्या पिंपवाल्याला जावे. ते त्याप्रमाणे जाईल. छप्पर उत्तरेकडून गळते, हे नव्या माणसाला आधीच सांगावे. मला कोणी सांगितले नव्हते.

गावाने घर दिले आणि वसूलही केले. मी कुंपणे पाहणारा होतो. कोणाचे कुंपण छातीइतके उंच नाही, कोणाची गाय कोणाच्या मक्यात शिरली, याचा निवाडा करायचा आणि दोन्हीकडून तोंडे चुकवायची. मी मापे तपासणारा होतो. एक वर्ष प्रार्थनाघरात लांब काठी घेऊन झोपलेल्यांना जागे करणाराही होतो. त्या वर्षी प्रार्थनाघराचे वडीलधारे, डीकन गमालिएल फ्रॉस्ट यांना मी जितक्या वेळा ढोसले, तितक्या वेळा त्यांनी डोळे मिटून मनन चालले होते असे सांगितले. मनन करताना माणूस घोरतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ऑर्न हे वाक्य लिहायला नाखूष होते. लिहिले आहे.

कलम दुसरे, चीजवस्तू. तांबडी गाय, लोखंडी हंडा, पिसांची गादी, इनॉसने केलेली खुर्ची, आणि माझी सगळी हत्यारे, म्हणजे वाकस, रंधे, आऱ्या आणि पिंपांभोवतीची कडी ठोकायचे हातोडे, हे सर्व माझी सून केझाया हिला द्यावे.

इथे ऑर्न थांबले. "जाबेझभाऊ, सून असं नाही लिहिता येणार. लग्न झालं नव्हतं."

"माझ्या घरात चार वर्षं ती काय आहे मग?"

"कायद्यानं कोणी नाही. 'अविवाहित स्त्री केझाया नॉर्टन' असं लिहितो."

"तुम्ही दोन्ही लिहा. कायद्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं."

म्हणून दोन्ही लिहिले आहे. माझी सून, अविवाहित स्त्री केझाया नॉर्टन.

आता हे असे का झाले ते सांगतो. ऑर्न म्हणतात की मृत्युपत्रात गोष्ट सांगत नाहीत. पण गोष्ट नसेल तर पुढचे कलम कोणाला कळायचे नाही.

आमच्या गावसभेत दर मार्चमध्ये कामे वाटतात आणि ज्यांचे नुकते लग्न झाले त्यांना डुकरांचा कारभारी नेमतात. डुकरांच्या नाकात कडी आणि गळ्यात जोखड आहे की नाही हे त्याने बघायचे, नसेल तर मालकाला सांगायचे, मालकाने नाही घातली तर स्वतः घालायची. काम खरे आहे, पण नेमणूक थट्टेची असते. नवऱ्या मुलाचे नाव पुकारले की सारे सभाघर हसते, बाकांवर पाय आपटते. त्यानंतर तो दोनचार डुकरांच्या मागे धावून आल्यासारखे करतो, आणि प्रकरण सायडरच्या पेल्यात संपते.

त्या वर्षी इनॉसचे लग्न व्हायचे होते. केझाया नदीखालच्या गावची, आईबाप नसलेली. लग्नाची सूचना प्रार्थनाघराच्या दारावर लागली होती, पेरण्या उरकल्या की मे महिन्यात लग्न. म्हणजे मार्चमध्ये इनॉस नियमात बसत नव्हता. पण रूबेन स्टोक्स उठला. मोठा जमीनदार, पलटणीचा कॅप्टन, थट्टेखोर. तो ओरडला, "इनॉस थर्लो! लग्न काय, झाल्यातच जमा आहे! पोराला आत्तापासून सवय होऊ दे!" आणि हात वर झाले.

माझ्या इनॉसला थट्टा कळत नव्हती असे नाही. पण गावाने काम सांगितले तर ते करायचे, अशी त्याची समजूत होती. तो घरोघर गेला. ज्या एकाच जनावराला कडी नव्हती ते रूबेनचे नर डुक्कर होते. इनॉसने त्याला दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी रूबेन कुंपणावर रेलून म्हणाला, "कारभारी, माझ्या माणसांची हिंमत होत नाही. तूच घाल की! नवरदेवाचा जोर बघू दे आम्हाला."

इनॉस आत गेला. डुकराने त्याची मांडी फाडली.

केझाया बातमी ऐकून पायी आली. जखम तिने धुतली, पू तिने पुसला, ताप चढला तेव्हा तोंडात पाणी तिने घातले. मी नुसता उंबऱ्यात उभा होतो. मे महिना यायच्या आत तो गेला. दारावरची सूचना पावसाने फाटेपर्यंत कोणी काढली नाही. पंचांनी चौकशी केली तेव्हा रूबेन म्हणाला की जनावर बुजले. पंचांनी तसे लिहून घेतले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. माझ्या मयतीला त्याने खांदा देऊ नये, हे इथे नमूद करतो.

केझाया परत गेली नाही. म्हणाली, "बाबा, मला इथंच राहू दे, त्याच्याजवळ." त्याच्याजवळ म्हणजे टेकडीवर, थडग्याशी. ती रोज संध्याकाळी जाते, गवत काढते, येते. माझे हात गेल्यापासून पिंपांची कडीही तीच ठोकते. गावाला वाटते मी ठोकतो. वाटू दे.

कलम तिसरे, आणि या कागदाचे खरे कारण. परगावचे माणूस आमच्या गावात राहिले की वर्षाच्या आत कॉन्स्टेबल दारात येऊन ताकीद वाचतो: निघून जा, उद्या आजारी पडलात, उपाशी राहिलात तर हे गाव तुमचे नाही. केझाया बायको असती तर माझ्या पोराच्या नावाने गावची झाली असती. एका महिन्याने हुकले. ताकीद आली तेव्हा मी जामीन राहिलो आणि ती राहिली. पण माझा जामीन माझ्या श्वासाबरोबर संपतो. मी गेलो की तिला गाडीत बसवून त्या गावी सोडतील, जिथे तिच्यासाठी एक दारसुद्धा उघडणार नाही. टेकडी तिला दिसायची नाही. मला मरणाचे भय वाटत नाही, याचे वाटते. छातीतल्या पाण्याने नाही, याने झोप जाते.

म्हणून गावात घर असलेल्या कोणीतरी जामीन राहावे, एवढीच माझी विनंती होती. मी पहिल्यांदा डीकन फ्रॉस्ट यांना विचारले. ते बिछान्याशी बसले, माझा हात हातात घेतला, प्रार्थना केली, आणि म्हणाले, "जाबेझभाऊ, बिनलग्नाची बाई म्हातार्‍याच्या घरी राहिली, तेव्हाच लोक बोलत होते. आता मी पुढं झालो तर माझ्याबद्दल बोलतील."

मी विचारले, "कोण बोलत होतं?"

ते म्हणाले, "लोक."

आणखी दोघांना विचारले. एकाला मुली खूप आहेत, एकाला बायको. माझ्या पिंपांतले मांस तिघांच्याही तळघरात आहे. ते त्यांना पचो.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झाले होते. आज गुरुवारी ऑर्न आले ते एकटे नव्हते. मागे दारात रूबेन स्टोक्स, टोपी हातात. केस सगळे पांढरे झाले आहेत. चार वर्षे मी त्याच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. त्यानंतर जे बोलणे झाले ते ऑर्न यांनी जसेच्या तसे उतरवावे.

मी म्हटले, "आत यायचं तर ये. दार उघडं टाकून जाळायला माझ्याकडं लाकडं नाहीत."

तो आत आला. "जाबेझ, त्या पोरीला जामीन मी राहतो."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. गमालिएल नाही म्हणाला, एवढं ऑर्नकडून कळलं."

"मग पुण्य गाठीला बांधायला आलास. इतके दिवस कुठं झोपला होतास?"

"शिव्या दे. पुण्यबिण्य नको मला." त्याने टोपी पिळली. "डुक्कर माझं होतं, जाबेझ. बुजलं नव्हतं. ते आधीपासून मारकंच होतं, आणि मला ठाऊक होतं."

चार वर्षे हे वाक्य ऐकायचे होते, आणि ऐकल्यावर काहीच हलके झाले नाही. इनॉस नव्हता तो नव्हताच.

केझाया चुलीशी मक्याची लापशी ढवळत होती. ती वळली नाही. पाठमोरीच बोलली, "तुमच्या जामिनावर राहायचं, म्हणजे येताजाता तुमचं तोंड बघायचं."

रूबेन म्हणाला, "मी नदीकडच्या वाटेनं जात जाईन. तुझ्या नजरेला पडणार नाही."

तेव्हा ती वळली. हातात पळी होती. "वाट बदलायची नाही. माझ्या दारावरूनच जायचं, रोज. मी तुम्हाला बघेन, तुम्ही मला बघायचं. जमेल?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "जमवीन."

"मग करा सही," ती म्हणाली, बादली उचलून विहिरीवर गेली, आणि बादली भरायला लागते त्याच्या कितीतरी पट वेळ बाहेर राहिली.

तरी रूबेन स्टोक्स याचा जामीन मी स्वीकारतो. तो हयात असेपर्यंत आणि त्याच्यामागे त्याचे वारस केझायाच्या मुक्कामास बांधील राहतील. त्याने देऊ केलेल्या, त्याच्या शेताच्या पश्चिमेकडच्या रिकाम्या झोपडीत ती राहील आणि पिंपे बांधील. गाव ती पिंपे विकत घेईल, कारण नवा पिंपवाला येईपर्यंत दुसरी मिळणार नाहीत. वर खांद्याबद्दल लिहिले आहे ते ऑर्न खोडायला निघाले होते. खोडू नये. जामीन वेगळा, खांदा वेगळा. मी देव नाही.

कलम चौथे आणि शेवटचे. हे केझायाला मी गेल्यावर वाचून दाखवावे, आधी नाही, कारण आधी ती मला बोलू देणार नाही.

पोरी, जामीन तुला राहता यावे म्हणून घेतला आहे, बांधून ठेवायला नाही. तू चोवीस वर्षांची आहेस आणि तुझ्या संध्याकाळी टेकडीवर जातात. पहिली दोन वर्षे मला त्याचा आधार वाटला. आता तू दार उघडून निघालीस की मला रडू येते. एखाद्या दिवशी एखाद्याच्या गाडीत बसावेसे वाटले तर बस. त्या संध्याकाळी टेकडीवर जायचे राहिले तर राहू दे. गवत वाढेल, गवताचे काय. तू इनॉसला विसरलीस असे गावात जो म्हणेल, त्याला हे कलम वाचून दाखवावे. ऑर्न म्हणतात की कायद्याने तू आमची कोणीच नव्हतीस, म्हणून तुला मोकळे करण्याचा हक्कही मला नाही. कायद्याला माहीत नाही तू कोण होतीस. मला माहीत आहे. मी त्याचा बाप आहे, आणि त्याच्या वतीने मी तुला सोडतो. जा, बाळ.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, मी ऐकले, आणि मला मान्य आहे. सही जमत नसल्यामुळे पिंपांवर उमटवायचा माझा डाग खाली दाबला आहे. तो या गावात सगळे ओळखतात.

जाबेझ थर्लो याचा डाग

जामीन म्हणून: रूबेन स्टोक्स

आमच्यासमक्ष, आणि आम्हा दोघांना या कागदातून काहीही मिळणार नसताना:
सिल्व्हेनस ऑर्न, चिटणीस
एफ्रेम टटल, थडगी खणणारा (यांनी खड्ड्याबद्दलची सूचना ऐकली असून सोमवारी काम सुरू करतो म्हणाले)

हार्कवेल, नोव्हेंबर महिन्याची एकोणीस तारीख, सन सतराशे एक्केचाळीस, राजे दुसरे जॉर्ज यांच्या राज्याचे पंधरावे वर्ष.