उणे अडतीस दिवस

सावूसावू, ९ ऑक्टोबर

प्रिय विलियामे,

बुला, नमस्कार. घरी सगळे बरे असाल. मीही बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बोटवाल्याच्या हाती देते आहे. मामाचा खांदा कसा आहे?

तेलाच्या कंपनीला नव्या घाण्यासाठी बँकेचं कर्ज हवं आहे. त्यासाठीचा हिशेब माझ्याकडे होता. सोपा आहे, तूही करशील. तुमचा नारळ आला की त्याचं तेल होऊन विकलं जाईपर्यंत एक्केचाळीस दिवस. गिऱ्हाईक पैसे देईपर्यंत आणखी तेहतीस. झाले चौऱ्याहत्तर. त्यातून नारळवाल्यांना थांबवलेले दिवस वजा करायचे. उरतील तितके दिवस कंपनीचा पैसा अडकतो. पूर्वी तुम्हाला तीस दिवसांत पैसे मिळायचे, म्हणजे तो चव्वेचाळीस दिवस अडकायचा. आता तुम्ही एकशेबारा दिवस थांबता. उत्तर येतं उणे अडतीस. तेलाचे पैसे गल्ल्यात येऊन सव्वा महिना होतो, तरी नारळाचे दिलेले नसतात.

आमचे हेडली साहेब खूश झाले. म्हणाले, "अकनीसी, आकडा शून्याखाली म्हणजे कारभार चोख. खाली लिही, नारळवाल्यांचा आपल्यावर विश्वास आहे." मी लिहिलं आणि सही केली.

नंतर दिवस कधीपासून वाढले ते बघितलं. गेल्या वर्षीच्या मार्चपासून. मी त्याच फेब्रुवारीत नोकरीला लागले. पलीकडच्या गावचे चौघे दारात येऊन भांडतात, त्यांना महिन्यात मिळतात. थांबता ते तुम्ही, माझ्या आईच्या माहेरचे. भाचीला नाही म्हणायचं नाही, तिच्या दारात मागायला जायचं नाही, ही तुमची रीत साहेबांना माझ्याआधी कळली होती. आणि मी समजत होते, मला नोकरी हुशारीवर मिळाली.

धक्क्यावर तू म्हणाला होतास, "भाचीबाई आल्या, आता खोबरं फुकट." मी हसले. मामेभावानं चिडवायचंच असतं.

जूनमध्ये मामानं होडीचं इंजिन विकलं. का, विचारलं तर म्हणाला, "फार आवाज करायचं गं ते." तेव्हा त्याचे कंपनीकडे दोन हजार तीनशे डॉलर थकले होते. तो कागद माझ्याच टेबलावर होता, विली. मला माहीत होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. तेव्हापासून तो होडीत पोती घालून खाडीभर वल्हं मारतोय. खांदा त्यानंच गेला. मला माझीच लाज वाटते.

काल बँकेत जाऊन ते विश्वासाचं वाक्य खोडलं आणि खरं कारण लिहिलं. दुपारी साहेबांनी माझ्याकडून किल्ल्या परत घेतल्या. "घरच्या माणसांनीच घात केला," म्हणाले. घरची, मी.

सोमवारी सगळे या. चटया टाकून कंपनीच्या दारात बसा, मोठ्यानं पैसे मागा. मामालाही आण. लाज धरावी असं तुमचं तिथे आता कुणी नाही.

तुमच्याच गावची भाची,
अकनीसी