दादांच्या पोटाला कुणी हात लावू नये

न्हाई आत्या, फोनवर तू कितीही ओरडलीस तरी दादांची बेंबी सरकलेली न्हाई. तू मधेच फोन ठेवलास, म्हणून राहिलेलं भांडण कागदावर करतोय आन त्याचा फोटो रोहिणीच्या फोनवर धाडतोय. (रोहिणी, माझी बहीण असशील तर आत्याला वाचून दाखवताना मधलं गाळू नकोस.)

तर रतनआत्याच्या पायांवर समर्थचं डोकं. तुझा गुडघा कसाय? मेंढरं बरी असतील. मी जयपूरच्या मंडईत टोमॅटोचे कॅरेट उचलतोय.

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर लई शांतपणे समजावलं, त्यानंच मी घाबरलो. दादांच्या अपेंडिक्सात पू न्हाई, खळीसारखा चिकट रस साठलाय. करंगळीएवढी नळी वांग्याएवढी झालीय. असलं दुखणं त्यांनी पुस्तकातच बघितलेलं. सोनोग्राफीवर भरवसा बसेना म्हणून सीटी स्कॅन केला, आन तो आणखी दोन डॉक्टरांना बोलावून दाखवला. (दादा खूश! "माझ्यासाठी तीन-तीन डॉक्टर उभे व्हते," म्हणाले.) सोमवारी ती नळी न फोडता सबंध काढायचीय. फुटली तर रस पोटभर पसरतो, मग आवरता येत न्हाई.

आन तुमी काय करताय? रोहिणी सांगते, येणारा प्रत्येक पावणा चहाच्या आधी दादांचा सदरा वर करतो. गेणभाऊनं तर कलिंगडाला मारावी तशी टिचकी मारली, म्हणं, "पिकलंय की राव!" आन तू तेल कोमट करून बसलीस. "डॉक्टर फाडतील, मी चोळून जिरवीन." आत्या, लहानपणी तू माझं पोट चोळलंस की बरं वाटायचं, नाकारत न्हाई. पण काल इथं माझा पाय पिकल्या टोमॅटोवर पडला, तो पचकन फुटला, आन मी कॅरेट खाली ठेवून तो रस फडक्यानं टिपत बसलो. हमाल हसले. मला दादांचं पोट दिसत व्हतं.

तुला एकच भाऊ हाय, आत्या, आन मला एकच बाप.

तुझा समर्थ

ता. क. रविवारी पोचतो. मी घाबरलोय हे दादांना सांगू नकोस. त्यांना मी "किरकोळ हाय" म्हणालोय.

आणखी ता. क. तू ऐकणार न्हाईस हे मला ठाऊक हाय. चोळायचे पैसे घेतले की हाताचा गुण जातो, म्हणून तू आजवर कुणाचा रुपया घेतला न्हाईस. म्हणून रोहिणीला पैसे पाठवले, आन हे पत्र वाचायच्या आधीच तिनं ते तुझ्या बटव्यात ठेवलेत. म्हणजे तू घेतलेस. दादा शुद्धीवर आले की माघारी दे. पाचशे एक रुपये.