आजींचे यजमान

मंगळवार, ३ जून
आले एकदाची! खोली छोटी, पण खिडकीत भरपूर ऊन. आजी ब्याऐंशीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मला पाहताच उशीर का झाला म्हणून अंगठे धरायला लावले! लेक परदेशी असते. तिने फोनवर सांगितलं, आईला विसरण्याचा आजार आहे, जीव लावा. तो तर मी पहिल्याच दिवशी लावून बसले. बारा वर्षं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं हेच काम करतेय, अशा माणसांशी माझं चटकन जमतं.

शनिवार, ७ जून
वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रोज चहाला येतात. पन्नाशीचे, एकटे, जिभेवर साखर. आज आजींनी त्यांना "अहो" म्हटलं आणि मला हळूच विचारलं, हे आमचेच ना? यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. पण आमच्या कामातला पहिला धडा असा, की विसरणाऱ्याला खोटं पाडू नये. गेलेल्याची बातमी रोज नव्याने देऊन रोज रडवू नये. मी म्हटलं, हो आजी, तुमचेच. कशा खुलल्या! भाडेकरूंनी माझं तोंडभर कौतुक केलं. मीही फुशारले.

गुरुवार, १९ जून
रोज तोच प्रश्न, रोज माझा होकार. भाडेकरू आता मुद्दाम समोर बसून तो प्रश्न काढून घेतात. आज यजमानांचा जुना चष्मा लावून आले. त्यांनी गालाला हात लावला तशा आजी आक्रसल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी सवयीने मान हलवली. मग आजींनी तो हात राहू दिला.

मंगळवार, २४ जून
आजींच्या उशीखाली कागद सापडला. विवाह नोंदणीचा अर्ज. वधू आजी, वर तो भाडेकरू! खाली आजींची सही. वधूला चालवत नाही म्हणून अधिकारी शुक्रवारी घरीच येणार. लग्न लागलं की आजींचं औषध, घर, त्यांना कोणी भेटायचं, सगळं त्याच्या हातात, लेक परकी. तिला कळवायला हवं, तर घरच्या फोनची तार कापलेली. माझा मोबाइल चहानंतर सापडत नाही, लेकीचा नंबर त्यातच.

बुधवार, २५ जून
नोंदणी कचेरीत धावले. कारकून म्हणाला, तुम्ही नात्यातल्या नाही. साहेब बाईंनाच विचारतील. म्हणजे सगळं आजींच्या उत्तरावर. दिवसभर घोकून घेतलं: यजमान वारले, हा भाडेकरू. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. सात वेळा. सातही वेळा विसरल्या. काय करून ठेवलं मी हे!

गुरुवार, २६ जून
आजी मला घाबरतात. रडणं लक्षात राहिलंय, कशाचं ते नाही. मी आत गेले की त्याचा हात घट्ट धरतात—

शुक्रवार, २७ जून
मला कोठीत कोंडलंय. बाहेर साहेब आलेत. मी ओरडले— तो सांगतोय, कामवाली जरा वेडसर आहे—
दाराखालून पान सरकवलं. त्याच्या बुटाने दाबलं. दुसरं लिहितेय. साहेब, यांचे यजमान वारले, मीच खोटं—
साहेब विचारताहेत. आजी गप्प. गप्पच राहा हो आजी, पाया पडते—
आजींनी हाक मारली. मलाच. बाई, हे आमचेच ना?
नाही! आजी, नाही! ते वारले—
रडताहेत. फटीतून दिसतंय, तो समजूत घालतोय, डोळे पुसतोय. आजी साहेबांना म्हणाल्या, त्या बाईला घालवा, ती मला रडवते, मला यांच्याचजवळ राहायचंय—